फुकटच्या सरपणाचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरी जमाखर्चाची वही असली तर तीत बियाण्याचा खर्च असतो, खताचा असतो, मजुरीचा असतो. अलीकडे वीजबिल व गॅस सिलिंडरचे पैसेही तीत नोंदले जाऊ लागले आहेत, कारण ते रोख मोजावे लागतात. परंतु ज्या इंधनावर खेड्यापाड्यांतील असंख्य घरांत आजही भाकरी भाजली जाते व आंघोळीचे पाणी तापते, त्याचे पान वहीत कोरेच राहते. गोवऱ्या घरच्या, तुराट्या-पऱ्हाट्या शेतातल्या, काटक्या बांधावरच्या. त्यांचा खर्च कसला, असे विचारले जाते. ह्या ‘फुकट’ शब्दामुळे घरातील इंधनाची काटकसर म्हणजे दिवा वेळेवर मालवणे, एवढाच अर्थ उरला आहे. वस्तुतः शेतकरी कुटुंबाचा मोठा तोटा दिव्यात होत नसून चुलीत होतो. तो रोखीने होत नाही म्हणून दिसत नाही, इतकेच.

सरपण फुकट वाटण्याचे आणखी एक कारण आहे व ते स्पष्ट सांगितले पाहिजे. शेण गोळा करणे, गोवऱ्या थापणे, उलटणे, वाळवणे, पावसाळ्यापूर्वी रचून झाकून ठेवणे, काटक्या वेचून डोक्यावरून मोळी आणणे, ही कामे बहुतेक घरांत स्त्रिया करतात. आणि वही पुरुषाच्या हाती असते. ज्या श्रमाचे पैसे कोणी मागत नाही तो श्रम हिशेबात येत नाही. मजुरीने कापूस वेचण्यास जाणारी स्त्री ज्या दिवशी सरपणासाठी रानात जाते, त्या दिवसाची तिची मजुरी बुडते. ही बुडालेली मजुरी सरपणाचीच किंमत होय.

शेण जाळू नये हा उपदेश जुना आहे. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर ह्यांनी हिंदुस्थानभर प्रवास करून १८९३ साली येथील शेतीसुधारणेवर अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही हा प्रश्न मोठ्या विस्ताराने आला आहे. त्यांच्या अहवालातील मोलाची गोष्ट उपदेशात नाही, निदानात आहे. शेतकरी अज्ञानाने शेण जाळतो असे त्यांनी मानले नाही. लाकूड मिळत नाही म्हणून तो शेण जाळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता, व म्हणून इंधनाची आणि चाऱ्याची राखीव वने लावावीत असे त्यांनी सुचविले. ह्या गोष्टीस आता एकशे तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. उपदेश टिकून राहिला आणि निदानाचा मात्र विसर पडला. शेणखताचे महत्त्व सांगणारे भाषण ऐकून घरी गेलेल्या बाईपुढे संध्याकाळी चूल पेटविण्याचा प्रश्न तसाच उभा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर हाती न देता गोवरीला दोष देणे व्यर्थ आहे.

तरीही गोवरीची किंमत काढली पाहिजे. त्याखेरीज दुसरे कोणतेही इंधन महाग की स्वस्त हे ठरणार नाही. बायोगॅसच्या कामात पूर्वापार जी तुलनेची परिमाणे वापरली जातात त्यांप्रमाणे एक घनमीटर गोबर गॅस हा सुमारे ०.४३ किलो स्वयंपाकाच्या गॅसइतके, साडेतीन किलो लाकडाइतके किंवा सव्वाबारा किलो गोवऱ्यांइतके काम देतो. गोवऱ्यांची ही हलाखी आश्चर्याची नाही. उघड्या चुलीत पेटणाऱ्या गोवरीची उष्णता भांड्याला थोडी लागते आणि बरीचशी भिंतींना, धुराला व वाऱ्याला जाते. ह्या परिमाणाने १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम करावयास सुमारे चार क्विंटल गोवऱ्या लागतात. चार क्विंटल वाळलेल्या गोवऱ्या होण्यास साधारण अठरा क्विंटल ओले शेण खर्ची पडते.

हेच अठरा क्विंटल शेण खड्ड्यात गेले असते तर? कुजताना वजन घटते. तरी गोठ्यातील काडीकचरा धरून त्याचे सात-आठ क्विंटल खत हाती येण्यास हरकत नाही. गावात शेणखताची ट्रॉली काय भावाने मिळते व तीत किती क्विंटल खत मावते हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. त्या भावाने सात-आठ क्विंटलांची किंमत काढावी व ती एका सिलिंडरच्या भावाशेजारी मांडावी. काही गावांत दोन्ही पारडी बरोबरीत येतील, काही ठिकाणी खताचे पारडे जड होईल. डाळिंब, द्राक्ष, ऊस वा हळद ह्यांच्या भागात, जेथे शेणखताला गिऱ्हाईक टपलेलेच असते, तेथे तर फारसा विचारही करावा लागणार नाही. एकाच घरात गोवऱ्या थापल्या जातात आणि त्याच घरचा कर्ता शेणखताची ट्रॉली विकत आणतो, हा प्रकार अनेक गावांत दिसतो. त्या घराने सिलिंडरचे पैसे वाचविले आणि ट्रॉलीवाल्याला दिले.

येथे एक आक्षेप येतो, व तो आणणारा शेतकरी हिशेबी असतो. दोन बैल व एक गाय असलेल्या घरी रोज तीस किलो ओले शेण धरले तर वर्षाला सुमारे अकरा टन होते. शेणात शेकडा ०.३ नत्र धरल्यास त्यात तेहतीस किलो नत्र असते. म्हणजे युरियाच्या दीडएक पिशव्या. ४५ किलोची पिशवी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांस मिळते, तेव्हा अकरा टन शेणाची किंमत सव्वाचारशे रुपयांच्या आसपास! मग शेण जाळून सिलिंडर वाचविणे हाच शहाणपणा नव्हे काय?

हिशेब बरोबर आहे, पण तो चुकीच्या तराजूत केला आहे. शेणखत कोणी केवळ नत्रासाठी टाकत नाही. त्यातील सेंद्रिय द्रव्याने जमीन पाणी धरते, भारी जमिनीची घडण सुधारते, हलक्या जमिनीतून अन्नद्रव्ये वाहून जाण्याचे प्रमाण कमी होते, आणि दिलेला युरियाही पिकाला अधिक लागू पडतो. कोरडवाहू शेतकऱ्यास तर पावसाने आठ-दहा दिवसांची ओढ दिली की खत पडलेल्या व न पडलेल्या वावरातील फरक डोळ्यांनी दिसतो. हे काम युरियाची पिशवी करीत नाही व तिच्या भावाने त्याचे मोल होत नाही. शिवाय शेण जाळले की नत्र व सेंद्रिय द्रव्य दोन्ही धुरातून निघून जातात. राखेत पालाश व थोडे स्फुरद तेवढे राहते. ती राख तरी शेतात जाते काय? बहुतेक घरी ती भांडी घासण्यास लागते आणि उरलेली उकिरड्यावर वाऱ्याने उडते.

आता ह्याच तीस किलो शेणाचा तिसरा मार्ग पाहावा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. तीस किलोंचा रोजचा सव्वा घनमीटरला थोडा कमी, म्हणजे वर्षाचा चारशे घनमीटरांहून अधिक. स्वयंपाकाच्या गॅसशी ताडून पाहता हे तेरा सिलिंडरांचे काम आहे. तेच शेण गोवऱ्या करून जाळले असते तर सहा सिलिंडरांचे काम झाले असते आणि खत शून्य. गॅस यंत्रातून मात्र खत रबडीच्या रूपाने परत मिळते, व त्यातील नत्र बहुतांशी शाबूत असते. हा कागदावरील हिशेब आहे. थंडीत गॅस कमी होतो. चरावयास जाणाऱ्या जनावरांचे निम्मे शेण रानातच राहते. ही सर्व वजावट केली तरी गोबर गॅसचे माप गोवरीपेक्षा मोठेच राहते.

मग गावोगाव बंद पडलेली गोबर गॅस यंत्रे का दिसतात, हा प्रश्न कार्यकर्त्याला विचारला जातो व त्याने तो टाळू नये. ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून वापरला गेला होता. १९५० नंतरच्या दशकात जशभाई पटेल ह्यांचे तरंगत्या टोपीचे यंत्र आले व खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. १९८४ साली ‘दीनबंधू’ हा स्वस्त घुमटाचा नमुना आला. दोष विद्येत नव्हता. यंत्रे किती बांधली हे मोजले गेले, किती पेटतात हे मोजले गेले नाही. चार-पाच जनावरांच्या शेणाची, म्हणजे रोज पन्नास किलोंची, गरज असलेले दोन घनमीटरचे यंत्र दोन जनावरांच्या घरी बसविले गेले. घुमटाला बारीक भेग राहिली व गवंडी पुन्हा आला नाही. उन्हाळ्यात शेणाइतकेच पाणी कालविण्यास हवे, तेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागत होती. आणि पुढे ट्रॅक्टर आला तसे बैल गेले.

तेव्हा कोणाच्या घरी यंत्र बसवावे ह्याची कसोटी कडक असली पाहिजे. माणशी रोज पाव घनमीटर गॅस लागतो असे धरून चालावे. चार माणसांच्या घराला एक घनमीटरचे यंत्र पुरते व त्याला रोज पंचवीस किलो शेण लागते; म्हणजे गोठ्यात बांधलेली किमान तीन जनावरे आणि बारमाही पाणी. दुभत्या जनावरांचा जोडधंदा असलेल्या घरी ही अट सहज पुरी होते. जेथे होत नाही तेथे अनुदान मिळते म्हणून यंत्र बांधणे हा अपव्यय आहे, आणि त्या बंद यंत्राकडे बोट दाखवून शेजारची चार योग्य घरेही ‘हे चालत नाही’ असे म्हणू लागतात. लक्ष्यांकाच्या घाईने बांधलेले एक नादुरुस्त यंत्र गावात दहा वर्षे विरोधी प्रचार करीत उभे असते.

ज्या घरी जनावरेच उरली नाहीत तेथे शेतातील काडी चुलीत जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या कापूसपट्ट्यात वेचणी आटोपली की पऱ्हाट्या उपटून घराजवळ किंवा बांधावर त्यांचे ढीग रचतात व ते पुढचा पावसाळा लागेपर्यंत, कधी त्याहीनंतर, पुरवून वापरतात. ह्या सरपणाला मात्र खरोखरच काही किंमत नाही असे अनेकांना वाटते. २०१७ सालच्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात जो विध्वंस केला तो पाहिलेल्याने तरी असे म्हणू नये. ही अळी पऱ्हाटीला राहिलेल्या कवडी बोंडांत, सरकीत व पालापाचोळ्यात सुप्तावस्थेत उन्हाळा काढते, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तिचे पतंग बाहेर पडतात. घराशेजारी रचलेला पऱ्हाट्यांचा ढीग म्हणजे पुढील पिकाच्या शत्रूला दिलेला निवारा. फवारणीच्या एका वाढीव पाळीला औषध व मजुरी मिळून जो खर्च येतो, तो ह्या ‘फुकट’ सरपणाच्या खात्यावर मांडला पाहिजे.

येथेही निषेध पुरेसा नाही. वेचणी संपताच शेतात शेळ्या-मेंढ्या बसविल्या तर त्या उरलेली बोंडे खाऊन टाकतात. नंतर पऱ्हाटीची यंत्राने कुट्टी करून ती जमिनीत गाडणे किंवा खड्ड्यात कुजविणे सर्वांत चांगले. गावात कुट्टीयंत्र नसेल व सरपण ठेवणे भागच असेल तर निदान बोंडे झाडून जाळावीत, ढीग शेतापासून दूर रचावा आणि पहिल्या वळवापूर्वी तो संपेल एवढाच ठेवावा. तुराट्यांना ही भीती नाही. चुलीसाठी साठवण करावयाची तर ती तुराट्यांची करावी.

काडी जाळावयाचीच तर ती कशात जाळावी, हाही पैशाचाच प्रश्न आहे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत, वर्ध्याला, तयार झालेली ‘मगन चूल’ जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. पुढे १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व २००२ साली तो आटोपला. चुली पुष्कळ बांधल्या गेल्या, पण कित्येक ठिकाणी धुराडे काजळीने भरले व कोणी साफ केले नाही, कोठे चुलीच्या तोंडावर घरातील तवा बसेना. भाकरीचा तवा ज्या चुलीवर नीट बसत नाही ती चूल महाराष्ट्रात टिकणार नाही, ही साधी गोष्ट आखणी करणाऱ्यांच्या लक्षात उशिरा आली. आज ज्या घरी चूल चालू आहे तेथे तीन गोष्टी बिनखर्चाने करता येतात. लाकूड वितभर तुकडे करून पूर्ण वाळवावे, कारण ओल्या लाकडाची काही शक्ती स्वतःचे पाणी उडविण्यातच जाते. चुलीचा पसारा भांड्याच्या बेताचा ठेवावा व वारा लागणारी बाजू बंद करावी. आणि स्वयंपाक होताच जळती लाकडे बाहेर ओढून विझवावीत. चूल आपोआप विझण्याची वाट पाहण्यात रोज मूठमूठ सरपण जाते. धूर जाण्यास वाट असावी हे वेगळे सांगावयास नको. डोळे व छाती ह्यांच्या औषधपाण्याचा खर्च हाही सरपणाचाच भाग आहे.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची शेगडी अनेक गरीब घरांत पोहोचली. शेगडी आली म्हणजे चूल गेली असे मात्र झाले नाही. चहा, भाजी, वरण गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी बहुतेक घरांनी आपणहून केली आहे. ती वाटणी मूर्खपणाची नाही. नव्या टाकीचे पैसे एकदम मोजावे लागतात, आणि मजुरीचे पैसे आठवड्याने येतात. अशा घराला ‘चूल सोडा’ असे सांगण्याऐवजी टाकी आठ दिवस अधिक कशी पुरेल हे दाखविले तर ते घर आपणहून चुलीवरचा भार कमी करील.

टाकी अधिक पुरविण्याचे मर्म एका गोष्टीत आहे. पाणी उकळू लागले की आच कितीही मोठी केली तरी ते अधिक तापत नाही. फक्त वाफ अधिक उडते. डाळ शिजते ती उष्णतेने, खळखळाटाने नव्हे. म्हणून उकळी येताच आच बारीक करावी, भांड्यावर झाकण ठेवावे, पाणी बेताचे घालावे. प्रेशर कुकरात वाफ कोंडल्याने उष्णतामान शंभर अंशांच्या वर चढते व पदार्थ लवकर शिजतो. पेट्रोलियम बचतीसाठी काम करणाऱ्या पी.सी.आर.ए. ह्या केंद्रीय संस्थेच्या सूचनांनुसार कुकरामुळे भाताला सुमारे २० टक्के व भिजविलेल्या हरभरा डाळीला सुमारे ४६ टक्के इंधन कमी लागते. मटकी, हरभरा, वाटाणा, राजमा हे रात्री भिजत घालण्याची चाल जुनीच आहे, तिच्यात इंधनाचीही बचत आहे. कुकराची रबरी चकती सैल झाली की वाफ कडेने निसटते आणि वर्षभर गॅस जातो; चकती थोड्या रुपयांत येते, परंतु शहरातून आणावी लागते म्हणून महिनोन्महिने तशीच चालविली जाते. अशा गोष्टीसाठी बचत गटाने एकदम दहा-वीस चकत्या आणून ठेवल्यास गावाचे काम होईल.

ह्याहून स्वस्त उपाय गवताच्या पेटीचा आहे, व तो आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. लाकडी खोके किंवा मोठी टोपली घ्यावी, तीत भाताचे तूस किंवा वाळलेले गवत सर्व बाजूंनी वीतभर दाबून भरावे, मध्ये भांड्याच्या मापाची जागा ठेवावी व वरून झाकण्यास जुन्या गोधडीची जाड उशी करावी. भात वा डाळ झाकणासह पाच-दहा मिनिटे चांगली उकळवून भांडे तसेच पेटीत ठेवून दाबून झाकले की आतल्या उष्णतेनेच ते शिजते. भाताला तासभर पुरतो, डाळीला अधिक वेळ द्यावा लागतो. सकाळी शेतावर जाण्यापूर्वी पेटीत ठेवलेले अन्न दुपारी गरम मिळते व करपत नाही. खर्च शून्याच्या जवळ असल्यामुळे तिला अनुदान नाही, आणि बहुधा त्याच कारणाने तिचा प्रचारही झाला नाही.

भाकरी व डाळीइतकेच, कित्येक घरी त्याहूनही अधिक, इंधन आंघोळीच्या पाण्याला लागते. पाच माणसांना वीस-वीस लिटरची बादली आणि पंचवीस अंशांचे पाणी पंचेचाळीसपर्यंत तापवावयाचे, तर ह्या शंभर लिटरांना सुमारे २.३ युनिटे वीज लागते. पाण्यात सोडण्याचा विजेचा रॉड वापरला तर महिन्याला सत्तर युनिटे झाली. उघड्या चुलीवर तेच पाणी तापविण्यास रोज पाच किलोंच्या आसपास लाकूड जाते.

ह्या सत्तर युनिटांचा खरा भार वीजबिलाचे टप्पे पाहिल्यावर कळतो. महावितरणच्या घरगुती दरात महिन्याची पहिली शंभर युनिटे स्वस्त असतात. १०१ ते ३०० ह्या टप्प्यातील युनिटाला जवळजवळ दुप्पट पैसे पडतात. नेमके दर आदेशागणिक बदलतात, ते बिलावर पाहावेत. ज्या घराचे दिवे, पंखे, टी.व्ही., मिक्सर व फ्रीज मिळून नव्वद युनिटे होतात त्या घरात रॉड आला की साठ युनिटे महाग टप्प्यात जाऊन पडतात. म्हणून वीज वाचवावयाची तर आधी वरची युनिटे वाचवावीत. वाचलेले प्रत्येक युनिट सर्वांत महागड्या भावाचे असते.

आणि आंघोळीचे पाणी वाचविणे सर्वांत सोपे आहे. महाराष्ट्रात एका चौरस मीटर जागेवर दिवसभरात सरासरी पाच युनिटांच्या जवळपास ऊन पडते. शंभर लिटर पाण्याला त्याचा निम्मा भाग पुरे. काळा रंग दिलेला पत्र्याचा पिंप किंवा काळ्या नळीचे वेटोळे छपरावर दिवसभर उन्हात ठेवले तर पाणी संध्याकाळी स्नानाजोगे होते. सौर बंब विकत घेणे ज्यांना परवडते त्यांनी घ्यावा. तो पाणी सकाळपर्यंत गरम ठेवतो. परंतु शेतात दिवसभर राबून आलेल्या माणसाला आंघोळ खरी संध्याकाळीच हवी असते, आणि अनेक घरांत ती तशी होतेही. सकाळच्या स्नानाचा ज्यांना नेम आहे त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. मुलांची व शेतावरून आलेल्यांची आंघोळ संध्याकाळवर नेली तरी निम्मे सरपण वाचेल.

दिव्यांविषयी फार लिहावयास नको. २०१५ पासून एल.ई.डी. दिवे स्वस्त झाले व बहुतेक घरांत आले. गोठ्यात किंवा न्हाणीघरात साठ वॅटचा जुना बल्ब राहिला असेल तर तो काढून नऊ वॅटचा लावावा. रोज पाच तासांप्रमाणे महिन्याला साडेसात युनिटे वाचतात. जुना पंखा पंच्याहत्तर वॅट घेतो, नव्या बी.एल.डी.सी. जातीचा तीसच्या आसपास. उन्हाळ्यात रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटांचा फरक पडतो. नवा पंखा महाग असल्याने चालू पंखा फेकू नये, पण बिघडलेल्याला पुन्हा गुंडाळी करून घेण्यापूर्वी हा आकडा आठवावा. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतून छपरावरील सौर पॅनेलला अनुदान मिळते, व गावांत त्याविषयी मोठे कुतूहल आहे. रॉड, जुने पंखे व जुने दिवे तसेच ठेवून त्यांच्या मापाचे पॅनेल बसविणे म्हणजे फुटक्या पोहऱ्यासाठी विहीर खोल करणे. वापर आधी कमी करावा, मग पॅनेलचे माप ठरवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने ह्यांतील कोणता उपाय प्रथम सांगावा हे त्या घराच्या वहीवरून ठरेल, आणि वहीचे ते पान अजून कोरे आहे. म्हणून प्रत्येक गावात निदान पाच घरे निवडून एक आठवडाभर इंधनाचे वजन करावे. वजनकाटा रेशन दुकानात किंवा दूध संकलन केंद्रावर मिळतो. सकाळी चुलीशेजारी ठेवलेल्या गोवऱ्या व लाकूड तोलावे, रात्री उरलेले तोलावे. सिलिंडर लावल्याची तारीख त्यावर खडूने लिहावी. विजेच्या मीटरचा आकडा रोज एकाच वेळी टिपावा. सरपणासाठी कोण किती तास बाहेर गेले ते लिहावे. वही घरातील बाईकडे असावी. तिला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारे मूल लिहील, पण आकडे तिने सांगावेत, कारण कोणती गोवरी पाण्याला लागली व कोणती भाकरीला हे घरात तिलाच माहीत असते. आठवड्याच्या अखेरीस त्याच गावच्या ट्रॉलीचा, सिलिंडरचा, मजुरीचा व युनिटाचा भाव लावून बेरीज त्या घरच्या सर्व माणसांसमोर करावी. पाच घरांचे आकडे वेगवेगळे येतील; कोणाला कुकराची चकती पुरेल, कोणाला काळा पिंप, एखाद्याच घरी गोबर गॅसचे यंत्र शोभेल. हे वजन वर्षातून दोनदा घ्यावे लागेल. उन्हाळ्यातले एप्रिलच्या मध्यावर घेतले तरी चालेल; पहिले मात्र डिसेंबरच्या अखेरीस घ्यावे, तेव्हा पाणी तापविण्याचा खर्च सर्वांत जास्त असतो आणि पऱ्हाटी अजून शेतातच उभी असते.